ट्रॉलर यॉट आतून कशी बघायची: कोकणात बोट ठेवणाऱ्यांसाठी

आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात ट्रॉलर म्हटलं की जाळं ओढणारी मासेमारीची बोट, त्यामुळे कुणी ट्रॉलर यॉट बघायला चाललोय म्हणालं की लोकांना वाटतं हा आता मासळीच्या धंद्यात उतरतोय. नाव तिथूनच आलंय पण बोट वेगळी. जड पोट, बऱ्याचदा एकच डिझेल इंजिन, सात-आठ नॉटचा (ताशी सागरी मैल) वेग, आणि आत चार-सहा माणसं दिवसच्या दिवस राहतील असं घर. ग्रँड बँक्सच्या ३६ आणि ४२ फुटी बोटी १९६० च्या दशकात हाँगकाँगला बनायला लागल्या तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला, मग केडी-क्रोगन आली, फ्लेमिंग आली, १९८९ ला नॉर्डहेवन ४६ आली, आणि अलीकडे बेनेटोच्या स्विफ्ट ट्रॉलर, ज्या जरा हलक्या आणि जास्त पळणाऱ्या.

मी रत्नागिरीचा, वडील मचवे बांधायचे, मी गेली बरीच वर्षं फायबरच्या बोटींचं आतलं लाकूडकाम करतो, आणि फुकेत, लंकावीला सेकंड हँड बोट बघायला जाणाऱ्या लोकांसोबत जातो. त्यात एक गोष्ट दरवेळी दिसते. माणूस आत शिरतो, चकचकीत साग बघतो, सोफ्यावर बसतो, आणि पाच मिनिटांत मनातल्या मनात बोट घेऊन मोकळा होतो. म्हणून हे लिहितोय. पहिल्यांदा बघणाऱ्याने काय क्रमाने बघावं ते.

आतल्या जागेवर मी एवढा जोर का देतो ते आधी सांगतो. या बोटी हळू जातात, आणि ते पोटाच्या आकारामुळे, इंजिन मोठं टाकून फार फरक पडत नाही. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. ३६ फूट असेल तर ६ गुणिले १.३४, म्हणजे साधारण ८ नॉट, अस्सल जड पोटाची बोट त्याच्या पुढे जायला बघते तेव्हा नुसतं डिझेल जळतं. मांडव्याहून रत्नागिरी शंभर-सव्वाशे नॉटिकल मैल, म्हणजे पंधरा-सोळा तास. स्पीडबोटीत आतली खोली कशीही चालते कारण तुम्ही दोन तासांत उतरता, इथे तुम्ही रांधणार, जेवणार, झोपणार, पोरांना उलट्या होणार त्यात, आणि एक माणूस रात्रभर सुकाणूच्या चाकावर उभा राहणार.

तर पहिलं काम घरी. वही घ्या आणि तुमचा बोटीवरचा एक दिवस लिहा. कोण कोण येणार, कोण कुठे झोपणार, आईवडिलांचे गुडघे कसे आहेत, रात्रीचा प्रवास करणार की संध्याकाळी खाडीत नांगर टाकणार, पगारी खलाशी असणार का आणि तो कुठे झोपणार. हे शेवटचं आपल्याकडे कुणी लिहीतच नाही आणि मग तो बिचारा फ्लायब्रिजवर (छतावरची चाकाची उघडी जागा) चादर टाकून झोपतो. हे लिहिल्याशिवाय लेआउट चांगला की वाईट हे ठरवताच येत नाही.

लेआउटचे मुख्य प्रकार तीन-चारच आहेत, नावं पाठ करा कारण जाहिरातीत तीच येतात.

जुना क्लासिक प्रकार म्हणजे पुढे नाळेत (बोटीच्या पुढच्या टोकात) एक केबिन, मध्ये सलून (बैठकीची खोली, केस कापायचं नाही) आणि मागे दुसरी केबिन. दोन जोडप्यांना उत्तम, मध्ये भिंती आणि पूर्ण खोलीचं अंतर, घोरण्याचा आवाज जात नाही. पण पायऱ्या दोन्हीकडे, आणि मागच्या केबिनमुळे पाण्याजवळची मोकळी मागची जागा जाते. त्याच मागच्या केबिनवर पूर्ण रुंदीचा डेक टाकला की झाला सनडेक. वर बसायला मस्त, पण पाण्यापासून उंच, डिंगीत (सोबतची छोटी होडी) उतरायला शिडी लागते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मरीना नाही, दगडी धक्का आहे नाहीतर डिंगीतून किनारा गाठायचा, आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत पाणी माणसापेक्षा जास्त उंचीने खालीवर होतं. साठी ओलांडलेली माणसं येणार असतील तर मी सनडेक सुचवत नाही.

सेडान म्हणजे मागची केबिन काढून सलून मागच्या कॉकपिटच्या (मागची उघडी बसायची जागा) पातळीवर आणलेलं, आणि त्याचंच छप्पर दोन्ही बाजूंना आणि मागच्या बाजूला बाहेर काढलेलं असलं, आपल्या घराच्या पडवीसारखं, की झाली युरोपा. कोकणासाठी मला हाच प्रकार सगळ्यात पटतो. ऊन काचेवर थेट येत नाही, सर आली तरी खिडकी उघडी ठेवता येते, मासा कापायला आणि भांडी धुवायला मागे जागा मिळते. तोटा असा की झोपायच्या केबिन सगळ्या पुढे आणि एकमेकींना चिकटून.

पायलटहाउस म्हणजे चाकाची खोली वेगळी, सलूनपेक्षा अर्धा मजला वर. केडी-क्रोगन ४२, नॉर्डहेवन, फ्लेमिंग ५५ या सगळ्या त्या जातीच्या. रात्री चालवायचं असेल तर याला तोड नाही, कारण चाकावरच्या माणसाला अंधार लागतो आणि सलूनमधल्यांना दिवा, एकाच खोलीत दोन्ही जमत नाही. बऱ्याच पायलटहाउसमध्ये मागे एक बाक असतो ज्यावर दुसरा पहारेकरी आडवा होऊ शकतो, तो बाक तुमच्या उंचीला पुरतो का ते झोपून बघा.

आता बोटीवर. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत बोट बंद ठेवा, एसी लावू नका, उदबत्ती-परफ्यूम काही नको. दार उघडलं की बोलू नका, पहिला श्वास आत घ्या. नाकाला दोन-तीन मिनिटांत सवय होते आणि मग कळत नाही. डिझेलचा वास वेगळा, बुरशीचा वेगळा, संडासाच्या पाइपाचा वेगळा. पाइपाचा संशय असेल तर फडकं गरम पाण्यात बुडवून पिळा, पाइपावर घट्ट चोळा, आणि फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास आला म्हणजे पाइप आतून झिरपायला लागलाय, बदलायला लागणार, आणि तो पाइप बहुतेक वेळा तीन कपाटांच्या मागून गेलेला असतो.

मग खिडक्या. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, मी एका बोटीत तासभर खिडक्यांवरच घालवतो. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत सागाचं विनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) काळं पडलंय का, फुगलंय का, अंगठ्याने दाबलं तर आत जातंय का. नुसतं पॉलिश नवं आणि फक्त खिडकीखालीच नवं असेल तर तिथे काहीतरी झाकलंय असं धरून चाला. एका बोटीत असंच सुंदर पॉलिश होतं, मालक इतका गोड माणूस की मलाच सोफ्याच्या पाठीमागची फळी उघडायला संकोच वाटत होता. चार स्क्रू काढले. फळी मागून भिजलेल्या पोह्यांसारखी हातात आली, आणि आत फ्रेमच्या कडेने पाण्याचे वाळलेले पांढरे ओघळ, एकावर एक, किती पावसाळ्यांचे कोण जाणे. समोरून त्याच फळीवर आरसा दिसावा अशी चमक. तेव्हापासून संकोच सोडला. मालकाची परवानगी घ्या आणि उघडून बघा. उघडू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

शक्य असेल तर पाण्याची नळी घेऊन एकेका खिडकीवर दहा दहा मिनिटं पाणी सोडा, खालून वर जात, आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन बसवा. खालून सुरू करायचं कारण वरून सोडलं तर पाणी नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आपला पाऊस नैऋत्येकडून आडवा येतो, सरळ पावसात कोरडी राहिलेली खिडकी जुलैत गळते.

याच्याच जोडीला डेक. जुन्या तैवानी बोटींवर फायबर डेकवर सागाच्या पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात, शेकड्यांनी स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे एक भोक. पाणी त्यातून डेकच्या गाभ्यात जातं, तिथून छताच्या कापडावर डाग पडतो. छतावर चहाच्या रंगाचं वर्तुळ दिसलं तर वर जाऊन त्याच जागी प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करा. टणक आवाज आला तर बरं, बद्द आला तर गाभा बहुतेक सडलाय. याच गळतीने डेकखालच्या जुन्या लोखंडी डिझेल टाक्यापण वरून गंजतात, आणि टाकी बदलायची म्हणजे निम्मं फर्निचर कापून काढायचं. म्हणून टाकी हा विषय इंजिनवाल्याचा असं समजू नका, टाकी काढायला वाट कुठून आहे हे आतली रचना बघतानाच विचारा.

ग्रँड बँक्सबद्दल एक लक्षात ठेवा, १९७३ पर्यंत त्या लाकडी पोटाच्या होत्या, नंतर फायबरच्या. लाकडी बोट वाईट असं मी कधीच म्हणणार नाही, मी त्याच घरातला आहे, पण लाकडी बोटीला दरवर्षी माणूस लागतो. आतलं काम दोन्हीत जवळपास तसंच दिसतं, म्हणून साल विचारा.

लाकूडकामाचा दर्जा दर्शनी भागावर कळत नाही, मागच्या बाजूला कळतो. कुठलाही एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. कोपरे दातांसारखे एकमेकांत अडकवलेत की नुसते स्टेपल मारलेत, तळ खाचेत बसवलाय की खालून चिकटवलाय, मागच्या बाजूला वार्निशचा एक तरी हात दिलाय का. चांगल्या बोटीचा ड्रॉवर मागूनही गुळगुळीत असतो. मग त्या रिकाम्या खणात हात घालून आतली फळी चाचपा, प्लायची कापलेली कड उघडी ठेवलीय की सील केलीय. उघडी कड म्हणजे दमट हवेत पाणी पिणारी कड. आपल्या किनाऱ्यावर याला फार महत्त्व, थंड कोरड्या देशात वीस वर्षं टिकलेली कड इथे तीन पावसाळ्यांत फुगते.

ड्रॉवर बंद असताना ओढा. नुसता ओढून उघडला तर समुद्रातही उघडणार आणि सगळे चमचे खाली. थोडा उचलून मग ओढावा लागतो किंवा बटण दाबावं लागतं असा हवा. टेबलाच्या आणि ओट्याच्या कडेला बोटभर उंच पट्टी आहे का बघा, आणि कोपऱ्यांवर हात फिरवा. कोपरे गोल हवेत आणि भरीव लाकडाचे, कारण चौकोनी विनियरचा कोपरा पहिल्या धक्क्यात उडतो आणि त्याच्या आधी तुमच्या बरगडीत घुसतो.

नव्या कारखानी बोटींत खऱ्या सागाऐवजी एकसारख्या रेषांचं बनवलेलं विनियर असतं. ते बघून नाक मुरडू नका, वजन कमी होतं, रंग सगळीकडे सारखा राहतो, आणि फळी खराब झाली तर तशीच दुसरी मागवता येते. पण पातळ असतं, घासून पुन्हा पॉलिश करायला वाव नाही. जाड सागाच्या बोटीत तो वाव असतो, मी चाळीस वर्षांच्या बोटीचं सलून घासून पुन्हा उभं केलेलं आहे. इथे दुरुस्ती करायची ठरली तर आपले सुतार उत्तम आहेत, फक्त प्लाय घेताना सातशे दहाचा (आयएस ७१०, मरीन प्लायचा) शिक्का बघून थांबू नका, एक तुकडा कापून कड बघा, मधल्या थरात पोकळी दिसली तर परत करा.

आता चाला. बोटीत एका जागेवरून दुसरीकडे जाताना प्रत्येक पावलाला हाताला काही सापडलं पाहिजे. देवगडचे एक जुने तांडेल (बोटीचे कप्तान) माझ्यासोबत एकदा अशीच एक बोट बघायला आले होते, आयुष्य समुद्रात गेलेलं. सलून मोठं, मधे काहीच नाही, लोक बघून वा वा करत होते. म्हातारा दारातून दोन पावलं आत आला आणि थांबला. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला, मग बाजूला गेला, हवेतच फिरला. म्हणाला, "हयसर धरूक काय नाय रे." बस्स, एवढंच. मी त्या दिवसापासून बोट बघताना डोळे मिटून चाकापासून संडासापर्यंत चालतो. जिथे हात हवेत राहतो ती जागा वहीत लिहितो. छताला दांडा असेल तर घरातल्या सगळ्यात कमी उंचीच्या माणसाला तो पोचतो का बघा, दांडे बहुतेक उंच पुरुषांच्या हिशोबाने लावलेले असतात. जड पोटाच्या बोटी बाजूच्या लाटेवर हळू पण खूप डोलतात, मोठं मोकळं सलून धक्क्याला छान आणि समुद्रात त्रास.

झोपायच्या जागा झोपूनच बघायच्या, बूट काढून, पाच मिनिटं, शेजारी जोडीदार. बेडच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं का, की रात्री उठणाऱ्याने दुसऱ्याला ओलांडायचं. नाळेतला बेड नांगरावर छान पण चालत्या बोटीत सगळ्यात जास्त उचलला जातो, म्हणून प्रवासात झोपायला बोटीच्या मध्यावर, खाली, अशी एक तरी जागा हवी. मग गादी उचला. खाली सरळ प्लाय असेल आणि काळे ठिपके असतील तर तिथे हवा खेळत नाही, पट्ट्या लावून किंवा भोकं पाडून सुधारता येतं, स्वस्तातली दुरुस्ती आहे, घाबरायचं कारण नाही.

स्वयंपाकघर सलूनच्या पातळीवर असलं तर रांधणारी व्यक्ती सगळ्यांत राहते आणि बाहेरचं क्षितिज दिसत असल्याने बोट लागत नाही. खाली असलं तर सलून मोठं मिळतं पण तळणीचा धूर पुढच्या केबिनमध्ये जातो. आपल्याकडे मासे तळले जाणार हे धरूनच चाला, चुलीच्या वर उघडणारी खिडकी किंवा हॅच (छतातली झडप) हवीच. तुमचा कुकर सोबत न्या, शिट्टीसकट वरच्या कपाटाखाली बसतो का बघा. चुलीवर भांडं अडकवायच्या पट्ट्या आहेत का. तांदूळ, नारळ, कांदे आठवड्याचे कुठे मावणार.

गॅसबद्दल मात्र अजिबात तडजोड नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाची पोकळी) जाऊन साठतो, आणि एका ठिणगीला बोट जाते. सिलिंडर बाहेर डेकवर, स्वतंत्र बंद पेटीत, आणि त्या पेटीच्या तळाला थेट बाहेर समुद्राकडे जाणारं भोक, असंच पाहिजे. ओट्याखाली लाल सिलिंडर ठेवलेला मी आपल्याकडे बघितलाय, मी ती बोट तिथेच सोडून उतरलो.

संडास-बाथरूमचं थोडक्यात, शॉवर वेगळा असेल तर चांगलं, नसेल तर कागद आणि टॉवेल भिजणार नाही असं कपाट हवं, आणि वर हवा जायला खिडकी.

हवा हा कोकणातला खरा प्रश्न. यातल्या बऱ्याच बोटी थंड प्रदेशासाठी बनलेल्या, मोठ्या बंद काचा, आत डिझेलचा हीटर. मे महिन्यात जयगडच्या खाडीत वारा पडलेली रात्र आठवा आणि मोजा, प्रत्येक केबिनमध्ये उघडणाऱ्या खिडक्या-हॅच किती, त्यांना डासांची जाळी आहे का, पंखा कुठे लावता येईल. एसी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, नांगरावर एसी म्हणजे बहुतेक बोटींत रात्रभर जनरेटर, आणि तो कुणाच्या उशीखाली आहे तेही बघा. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, तुमची बोटही तेव्हा महिनोन्‌महिने बंद राहणार. बंद असताना आत हवा फिरेल असे पाणी न शिरणारे झरोके नसतील तर नारळी पौर्णिमेला दार उघडाल तेव्हा गाद्या, पडदे सगळ्यावर पांढरी बुरशी असेल.

इंजिन रूमकडे जायचा रस्ता हाही लेआउटच आहे. काही बोटींत दार असतं, सरळ चालत जाता. काहींत सलूनचं टेबल हलवा, गालिचा गुंडाळा, जमिनीच्या दोन जड झडपा उचला, तेव्हा खाली इंजिन. दुसऱ्या प्रकारात भर लाटांत डिझेलचा फिल्टर बदलायची वेळ आली तर सलूनच्या मधोमध खड्डा आणि आजूबाजूला घाबरलेली पोरं. बघायला गेलात की मालकाला उघडायला सांगू नका, तुम्ही स्वतः झडप उघडा, घड्याळ लावून. फिल्टरपर्यंत हात पोचायला किती वेळ लागला ते लिहा. तिथेच वायरी बघा, प्रत्येकीवर नाव-नंबर आहे का, कुठे मुरगळून टेप मारलाय का.

तीन-चार बोटी बघितल्यावर सगळ्या डोक्यात एक होतात, सागच साग. म्हणून प्रत्येक बोटीत फोटो एकाच क्रमाने काढा, नाळेपासून सुरू करून मागे, आणि सुरुवातीला वहीच्या पानावर बोटीचं नाव लिहून त्याचाच फोटो. त्याच दिवशी संध्याकाळी लिहून काढा, दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं. आणि दोन याद्या वेगळ्या ठेवा, एक जे बदलता येतं त्याची, जसं गाद्या, दांडे, पंखे, ड्रॉवरचे खटके, आणि एक जे बदलता येत नाही, जसं पायऱ्या, छताची उंची, इंजिनचा रस्ता, चाकाची जागा. लोक पहिल्या यादीवरून बोट नाकारतात आणि दुसऱ्या यादीतलं गपचूप सहन करायचं ठरवतात, नेमकं उलटं करा.

पसंत पडलेली बोट पुन्हा एकदा बघा, या वेळी दुपारी, समुद्रावरचा वारा वाढलेला असताना, पाण्यात नेऊन, आणि सर्व्हेयर (बोटीची तपासणी करणारा जाणकार) सोबत घेऊन. निदान दोन तास. वाटेत अर्धा तास बाजूने लाट घ्यायला सांगा. एक जण सलूनच्या मधे बसा आणि नुसतं ऐका, कुठलं दार वाजतंय, कुठली फळी करकरतेय, करकर एका जागेवरून येते की सगळीकडून. घरातल्या कुणालातरी खरोखर चहा करायला सांगा. परत आल्यावर, इंजिन बंद झाल्यावर, जमिनीच्या झडपा सगळ्या पुन्हा उचला आणि सकाळी कोरडा बघितलेला बिल्ज आता किती ओला आहे, आणि पाणी खारं आहे की गोडं, हाताचं बोट बुडवून जिभेला लावून बघा. खारं असेल तर बाहेरून, पोटातून नाहीतर शाफ्टकडून (पंख्याचा दांडा) शिरलंय, गोडं असेल तर टाकीतून, पाइपातून, नाहीतर त्याच खिडक्यांमधून आलेलं पावसाचं.